गाडी माझी, हप्ता माझा, आणि लोकेशन भाऊजींच्या मोबाईलवर

पत्र:

ताई, मी कोल्हापूरची, वय ३४, फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन ट्रीटमेंट देते त्यामुळे दिवसभर गाडीतच असते. २०२२ ला स्वतःच्या नावावर कर्ज काढून गाडी घेतली, ती कनेक्टेड वाली, मोबाईलवर गाडी कुठे आहे ते दिसतं ती, आरसी माझ्या नावावर आहे. डिलिव्हरीच्या दिवशी मला पेशंट होते म्हणून मोठे दीर शोरूमला गेले आणि तिथल्या पोरानं अ‍ॅप त्यांच्याच मोबाईलवर चालू करून दिलं, फास्टॅग पण त्यांच्याच नंबरवर. तेव्हा काही वाटलं नाही. आता रोज रात्री ताटावर बसलं की सुरू, 'आज दुपारी राजारामपुरीत दीड तास गाडी उभी होती, तिथं कोण पेशंट?' कराडला माहेरी निघाले की किणी टोलनाक्याचा मेसेज आधी त्यांना जातो. मागच्या महिन्यात स्पीड जास्त झाला म्हणून चालत्या गाडीत फोन आला त्यांचा. मिस्टर म्हणतात दादा काळजीपोटी बघतो, तुला लपवायचंय काय? लपवायचं काहीच नाही ताई, पण मला हे नको झालंय. फोनचं गुगल अकाउंट पण मिस्टरांनीच काढून दिलेलं आहे. शिरोलीचा एक गॅरेजवाला म्हणतो अँटेना कापून फ्यूज काढून देतो, दोन हजार. मावसभाऊ म्हणतो जॅमर मिळतो ऑनलाईन, लायटरच्या सॉकेटला लावायचा. फोन फ्लाइट मोडवर टाकला तर पुरे का? मला सगळं बंद करायचंय, कसं करू सांगा.

उत्तर:

अगं, आधी त्या गॅरेजवाल्याला नाही म्हणून कळव आणि जॅमर तर मागवूच नकोस, दोन्हीची कारणं पुढे सांगते. आणि 'लपवायचंय काय' याला उत्तर देत बसू नकोस. तू लोकांच्या घरी जातेस, कुणाच्या वडिलांना पॅरालिसिस झालाय, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोण किती महिने अंथरुणाला खिळून आहे हे तुझी गाडी रोज कुठे किती वेळ थांबते यावरून कुणालाही काढता येतं, आणि राजारामपुरीतल्या त्या पेशंटनं ही माहिती तुझ्या दिरांना द्यायला कधी हो म्हटलेलं नाहीये. मिस्टरांना हे एवढंच सांग, डॉक्टरनं पेशंटची फाईल घरी जेवताना वाचून दाखवली तर चालेल का विचार. आणि समज पेशंट वगैरे काही नाही, तू नुसती रंकाळ्यावर जाऊन तासभर बसलीस, तरी त्या तासाचा हिशोब कुणी मागायचं कारण नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला सरकारच्या विरोधात होता, घरातल्या दिरांच्या नाही, हे खरं, पण खाजगीपणा मागणं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणं नव्हे हे देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं मान्य केलंय तेव्हा तू घरात ते मागताना मान खाली घालायची गरज नाही.

आता तुझं 'सगळं बंद'. बघ, सगळं बंद कुणालाच करता येत नाही आणि तुला त्याची गरजही नाही. गाडीवर नि फोनवर तीन जणांची नजर असू शकते, घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाची, गाडीच्या नि अ‍ॅपच्या कंपन्यांची, आणि मोबाईल कंपनी नि सरकारची. तिघांना थांबवायचे मार्ग वेगळे आहेत आणि लोक नेहमी एकासाठी दुसऱ्याचा उपाय करून बसतात, म्हणजे त्रास नवऱ्याचा नि पट्टी लावली लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर. तुझा त्रास पहिल्या प्रकारातला आहे आणि त्या प्रकारात बहुतेक वेळा वायरींना हात लावावा लागतच नाही, खातं कुणाच्या नावावर, मोबाईल नंबर कुणाचा आणि पासवर्ड कुणाला माहीत, एवढंच बघायचं असतं.

पण कुठलंही बटण दाबण्याआधी एक गोष्ट मनाशी खरं खरं विचार. तुला दिरांचा नुसता वैताग येतो की भीती वाटते? लोकेशन दिसेनासं झालं तर ते चिडतील, बोलतील, इतकंच होईल की त्याच्या पुढे काही होईल अशी शंका आहे? पत्रावरून मला वैताग वाटतोय, पण पत्रात सगळं लिहिलं जात नाही हे मला माहीत आहे, आणि हे वाचणाऱ्या कितीतरी जणींचं तुझ्यापेक्षा वेगळं असणार. भीती असेल तर एकदम काहीही बंद करू नका, कारण बंद झालेलं समोरच्याला कळतं, अ‍ॅपमधून गाडी गायब होते, शेअरिंग थांबलं की त्यांच्या यादीतून तुमचं नाव जातं, आणि अशा वेळी माणूस जास्त बिथरतो. आधी जे दिसतंय त्याचे स्क्रीनशॉट काढा, मैत्रिणीच्या किंवा बहिणीच्या फोनवरून १८१ या महिला हेल्पलाईनला बोला, तातडी असेल तर ११२. बाईचा पाठलाग करणं आणि तिच्या नकळत किंवा नको म्हटल्यावर तिचा इंटरनेट-फोनचा वापर चोरून बघत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि घरातल्याच माणसाचा त्रास असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात प्रोटेक्शन ऑफिसरकडे जाता येतं. आधी राहायची नि पैशाची सोय, मग सेटिंग. हा क्रम उलटा करू नका ही कळकळीची विनंती.

तुझ्याकडे तसं काही नाही असं धरून पुढे सांगते.

गाडीत काय चालतं ते आधी समजून घे म्हणजे सर्व्हिस सेंटरवाल्यासमोर बोलता येईल. तुझ्या गाडीत डॅशबोर्डच्या आत एक छोटा डबा असतो, त्याला ते लोक टीसीयू म्हणतात, टेलिमॅटिक्सचा कंट्रोल युनिट. त्यात स्वतःचं सिम असतं, बहुतेक ई-सिम, बोर्डवरच बसवलेलं, आपल्या फोनसारखं ट्रेमधून काढता येत नाही. हा डबा जीपीएसवरून गाडी कुठे आहे ते घेतो आणि मोबाईल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो. दिरांचा फोन तुझ्या गाडीशी थेट कधी बोलतच नाही, तो सर्व्हरला विचारतो की बाबा या खात्यावरची गाडी कुठे आहे आणि सर्व्हर सांगतो. हुंदाईचं ब्लूलिंक घे, किया कनेक्ट घे, एमजीचं आय-स्मार्ट घे, टाटाचं घे, सगळ्यांचा साचा थोड्याफार फरकानं हाच. त्यामुळे सर्व्हरवर ते खातं तुझं झालं की दिरांच्या फोनमध्ये अ‍ॅप राहिलं तरी त्यात काही दिसणार नाही. तुला चालत्या गाडीत जो फोन आला तो स्पीड अलर्टमुळे, अ‍ॅपमध्ये एक आकडा टाकून ठेवायचा, त्याच्या वर गेलं की नोटिफिकेशन. तसंच जिओफेन्स असतो, नकाशावर गोल आखायचा आणि गाडी गोलाच्या बाहेर गेली की मेसेज, आणि काही गाड्यांत वेळेचंही कुंपण असतं, अमुक वाजल्यानंतर गाडी चालू झाली की अलर्ट. ही सोय चोरीसाठी नि ड्रायव्हर ठेवलेल्या लोकांसाठी केलेली आहे आणि चांगली आहे, फक्त ती मालकाच्या हातात असली पाहिजे आणि मालक तू आहेस.

तर काम असं की आरसी, आधार किंवा लायसन आणि गाडीचा चासी नंबर घेऊन ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला जायचं आणि सांगायचं, कनेक्टेड सर्व्हिसचं खातं आरसीवरच्या मालकाच्या नंबरवर ट्रान्सफर करा, आणि जुन्या खात्यावरचे सगळे शेअर केलेले युजर काढून टाका. 'शेअर केलेले' हे तोंडानं म्हणायचंच, कारण मुख्य खातं बदललं आणि मुलाला नाहीतर भावाला दिलेला जोडयुजर तसाच राहिला असं होऊ नये. ते म्हणतील जुन्या नंबरवर ओटीपी जाईल तो सांगा. तिथे अडायचं नाही. सेकंडहँड गाड्यांचा हाच प्रश्न त्यांच्याकडे येत असतो, आधीचा मालक फोन उचलत नाही म्हणून नव्या मालकाची गाडी कायम त्याच्या अ‍ॅपमध्ये ठेवत नाहीत, कागदपत्रं बघून बदलायची काहीतरी वाट असते. काउंटरवरच्या मुलाला माहीत नसेल तर मॅनेजरला भेट, तोंडी झालं नाही तर लेखी अर्ज दे, पोच घे, आणि कंपनीच्या कस्टमर केअरला तोच अर्ज आरसीच्या फोटोसकट ईमेल कर.

ते झालं की गाडीत बसून स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जा आणि फॅक्टरी रीसेट मार. हे लोक विसरतात. ब्लूटूथनं जोडलेल्या प्रत्येक फोनचं नाव तिथे असतं, फोनबुक सिंक केलेलं असेल तर तुझ्या पेशंटची नावं नंबरासकट, कॉलची यादी, नेव्हिगेशनमध्ये टाकलेले पत्ते. व्हॅलेट पार्किंगवाला किंवा गॅरेजमधलं पोरगंही ते उघडून बघू शकतं. रीसेटनंतर फक्त तुझा फोन जोड आणि कॉन्टॅक्ट सिंक करू का विचारलं की नाही म्हण, फोन वाजेल, बोलता येईल, फक्त नंबर गाडीत साठणार नाहीत. मग नव्या खात्यात जाऊन तो जिओफेन्स, स्पीड, वेळ सगळं तपास, नको ते काढ, ठेवायचं ते स्वतःसाठी ठेव.

आता अँटेना का नाही कापायची. छतावरचा तो शार्कच्या पंखासारखा तुकडा कापला तर रेडिओ मरेल, पावसाळ्यात कोल्हापूरचा पाऊस छतातून आत येईल, आणि सिग्नल अशक्त झाला तरी गाव-शहरात टॉवर जवळ असला की तो डबा बोलत राहील. फ्यूज काढला तर त्याच फ्यूजवर आणखी काय काय आहे हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं, माईक जातो, स्क्रीन जाते, काही डब्यांना स्वतःची छोटी बॅटरीही असते, आणि पुढे वायरिंगचं काही झालं की वॉरंटीवाले त्या गॅरेजकडे बोट दाखवणार. सगळ्यात मोठं म्हणजे एसओएसचं, म्हणजे संकटात मदत बोलवायचं बटण. रात्री कराडहून परत येताना कुठेतरी धडक बसली, एअरबॅग उघडली, तर तो डबाच कॉल सेंटरला आपोआप कळवतो, ज्या गाड्यांत ती सोय आहे त्यांत. तू एकटी फिरणारी बाई आहेस, दिरांची नजर काढायला ती गोष्ट गमावू नकोस. तरीही कुणाला पूर्ण बंदच हवं असेल तर त्यानं कंपनीला लेखी कळवून टेलिमॅटिक्स सेवा बंद करून घ्यावी आणि बंद केल्याचं उत्तर जपून ठेवावं. नुसतं सबस्क्रिप्शन संपू दिलं म्हणजे डबा मुका झाला असं समजू नये, अ‍ॅपची सेवा थांबते पण आतलं सिम बंद झालंच असेल असं नाही.

आणि जॅमर. तो वापरणं बेकायदा आहे, सरकारी परवानगीशिवाय मोबाईल जॅमर नि जीपीएस ब्लॉकर दोन्ही, टेलिकॉम खात्यानं २०२२ मध्ये तसं जाहीरच सांगितलं होतं आणि ऑनलाईन विकणाऱ्यांनाही बजावलं होतं. मावसभावाला सांग की लायटरच्या सॉकेटमधलं ते यंत्र तुझ्याच फोनचा ११२ चा कॉल पाडू शकेल आणि सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या अँब्युलन्सवाल्याचाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी टॅक्सी किंवा टुरिस्ट गाडी चालवत असेल तर त्यांच्यासाठी, १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण नियमानं लागतं, तो काढू नका, तो प्रवाशासाठी आहे. आणि नव्या एचएसआरपी नंबरप्लेटमध्ये जीपीएस आहे अशी जी हवा आहे ती खोटी, त्यात होलोग्राम नि लेझरनं कोरलेला नंबर असतो, ट्रॅकिंग काही नाही.

आता फास्टॅग, कारण तुझं निम्मं दुखणं तिथे आहे. तो स्टिकर स्वतः काहीच पाठवत नाही, त्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही, नाक्यावरच्या रीडरनं लहरी मारल्या की त्या जोरावर तो आपला नंबर सांगतो, एवढंच. मग बँक पैसे कापते आणि ज्याच्या नंबरवर टॅग आहे त्याला एसएमएस करते, नाक्याचं नाव नि वेळ सकट. म्हणून किणीवरून तू पुढे सरकायच्या आत कोल्हापुरात त्यांना कळतं. त्यावर फॉइल लावणं वगैरे करू नकोस, टॅग वाचला गेला नाही तर नाक्यावर जास्तीचे पैसे पडतात. टॅग दिरांच्या केवायसीवर असेल तर नुसता नंबर बदलायला बँक त्यांचीच संमती मागेल, त्यापेक्षा तो बंद करायला लावून तुझ्या आरसीवर, तुझ्या बँकेचा नवीन टॅग घे. एका गाडीला एकच टॅग चालतो त्यामुळे जुना बंद झाल्याची खात्री करून मग नवीन चिकटव, नाहीतर नाक्यावर अडकशील. आणि याच बैठकीत आरटीओच्या वाहन पोर्टलवर जाऊन गाडीच्या नोंदीत मोबाईल नंबर कुणाचा आहे तेही बघ, ई-चलानचा मेसेज त्या नंबरवर जातो, त्यात जागा, वेळ, फोटो सगळं असतं. इन्शुरन्सच्या पॉलिसीवरचाही नंबर बघ. शोरूमच्या पोरानं त्या दिवशी एकच नंबर सगळीकडे टाकला असणार हे मी पैजेवर सांगते.

एवढं सगळं करूनही दिरांना तू कुठे होतीस ते कळत राहिलं तर गाडीत वेगळा ट्रॅकर आहे का ते शोध. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ ओबीडीचं सॉकेट असतं, मेकॅनिक स्कॅनर लावतो ते, त्यात काडेपेटीएवढा प्लग बसवलेला असला तर तो. सीटखाली, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात, बंपरच्या आतल्या बाजूला लोहचुंबकानं चिकटवलेला डबा, आणि बॉनेट उघडल्यावर बॅटरीच्या टोकांना काळी टेप गुंडाळून निघालेली जास्तीची पातळ वायर. एअरटॅगसारखे बटणाएवढे टॅग पण असतात, ते तुझ्याबरोबर फिरत असले तर आयफोन स्वतःहून सांगतो आणि अँड्रॉइडवरही सेटिंगमध्ये सेफ्टी आणि इमर्जन्सीच्या आत अनोळखी ट्रॅकरचे अलर्ट असतात, तिथून स्कॅनही मारता येतो. असं काही सापडलं तर चिडून फेकून देऊ नकोस, जागेवरच फोटो काढ, तो पुरावा आहे, आणि मग हा विषय जेवणाच्या ताटावरचा राहिलेला नाही हे लक्षात घे.

फोनकडे येऊ. फ्लाइट मोडनं पुरत नाही आणि तुझ्या धंद्याला तो परवडणारही नाही, पेशंट फोन कुठे करणार. शिवाय फ्लाइट मोडमध्ये फोन बोलायचा थांबतो, पण जीपीएस हा नुसता ऐकणारा भाग आहे, तो उपग्रहाकडून ऐकून जागा नोंदवू शकतो आणि अ‍ॅपला परवानगी असेल तर नेट आल्यावर ती वर जाते. तुझा खरा प्रश्न इथेही खात्याचाच आहे. मिस्टरांनी काढून दिलेलं जीमेल, त्याचा पासवर्ड त्यांना माहीत, रिकव्हरीला त्यांचा नंबर. ज्याच्याकडे ते खातं उघडं आहे त्याला गुगलच्या फाइंड हबमध्ये, म्हणजे हरवलेला फोन शोधायच्या सोयीत, तुझा फोन नकाशावर दिसतो, तो घंटाही वाजवू शकतो. नवीन खातं काढलंस तर सगळ्यात स्वच्छ, पण तुझे कॉन्टॅक्ट नि फोटो तिथे असतील तर तेच साफ कर. गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत 'युवर डिव्हायसेस' उघड, तुझा नसलेला प्रत्येक फोन, टॅब, घरातला टीव्ही साइन आऊट कर, रिकव्हरीचा नंबर नि ईमेल तुझा टाक, मग पासवर्ड बदल, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू कर. क्रमाला अर्थ आहे, रिकव्हरी जुनीच ठेवून पासवर्ड बदलला तर दोन मिनिटांत परत बदलता येतो त्यांना.

मग गुगल मॅप्समध्ये तुझ्या फोटोवर टॅप करून लोकेशन शेअरिंग बघ, कधीतरी ट्रिपला चालू करून राहून गेलेलं असतं ते कित्येकदा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस बघ, घरातल्या कॉम्प्युटरवर तुझं व्हॉट्सअ‍ॅप उघडं आहे का. अ‍ॅपच्या परवानग्यांत लोकेशन उघडून जिथे 'नेहमी' आहे तिथे 'वापरताना फक्त' कर, आणि हवामान, किराणा, बातम्यांना अचूक ऐवजी अंदाजे लोकेशन दे, पावसाचा अंदाज सांगायला तुझी गल्ली लागत नाही. आणि एक न दिसणारी गोष्ट, अँड्रॉइडमध्ये वायफाय नि ब्लूटूथ बंद केलं तरी लोकेशनच्या सेटिंगमध्ये वायफाय स्कॅनिंग, ब्लूटूथ स्कॅनिंग अशी दोन वेगळी बटणं असतात, ती चालू असली तर फोन आजूबाजूचे राऊटर चाचपत राहतो आणि त्यावरून जागा ओळखतो. ती दोन्ही बंद कर. आयफोनवाल्यांचं उलटं, वरून ओढून वायफायचं बटण दाबलं तर ते फक्त तात्पुरतं तुटतं, पहाटे पाचला आपोआप परत चालू, खरं बंद करायला सेटिंगमध्येच जावं लागतं. आयफोन असेल तर सेफ्टी चेक नावाची सोय आहे, कुणाकुणाला काय दिसतंय ते एका जागी दाखवते आणि तिथूनच तोडता येतं, फार चांगली केलीय. आणि फोनचा लॉक बदल. घरात सगळ्यांना माहीत असलेला चार आकड्यांचा पिन हा लॉक नसतो.

मोबाईल कंपनीचं काय विचारशील तर तिथे सेटिंग नाही. फोन चालू आहे म्हणजे कुठल्या टॉवरवर आहे हे कंपनीला माहीत असणारच, त्याशिवाय फोन लागेल कसा, आणि कॉलच्या नोंदी दोन वर्षं ठेवायची सक्ती त्यांच्यावर डिसेंबर २०२१ पासून आहे. पण त्या नोंदी मागायला कायद्याची रीत लागते, दिरांना त्या मिळणार नाहीत. ती काळजी सोड.

कंपन्यांची काळजी मात्र अगदी सोडू नकोस. २०२३ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं पंचवीस कार ब्रँडची प्रायव्हसी पॉलिसी तपासली आणि एकही पास झाला नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सनं लोकांच्या ब्रेक मारण्याच्या नि स्पीडच्या नोंदी डेटा विकणाऱ्यांना दिल्या आणि त्या पुढे इन्शुरन्स कंपन्यांपर्यंत गेल्या, जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या ट्रेड कमिशननं त्यावर कारवाई केली. फोक्सवॅगनच्या सॉफ्टवेअर कंपनीकडून आठ लाखाच्या आसपास इलेक्ट्रिक गाड्यांचा डेटा उघड्यावर राहिला होता, २०२४ च्या डिसेंबरात बाहेर आलं, कितीतरी गाड्यांचं लोकेशन काही सेंटिमीटरपर्यंत अचूक. हे परदेशातलं आहे, पण डबा तोच, साचा तोच. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, माझी माहिती काय ठेवलीय ते सांगा नि खोडा असं मागायचा हक्क त्यात आहे, टप्प्याटप्प्यानं लागू व्हायचाय. तोवर नवीन खातं उघडताना प्रत्येक संमतीचा टिक वाच, मार्केटिंग नि 'पार्टनर' वाले टिक काढ, ते काढले म्हणून एसओएस बंद पडत नाही.

राहिलं घरचं. भाऊजींशी तू भांडू नकोस, हे काम मिस्टरांचं आहे, भाऊ त्यांचा आहे. त्यांना सांग की तुमच्या दादांची काळजी मला समजते, पण काळजी असेल तर मला फोन करून पोचलीस का विचारावं, मी उत्तर देईन. आणि रात्री उशिरा कराडहून निघाले तर मी स्वतःहून तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पाठवीन, एक तासाचं किंवा आठ तासांचं, ते आपोआप बंद होतं. माझं लोकेशन मी देणार, कुणी घेणार नाही. यात मिस्टरांना खटकण्यासारखं काही नाही, आणि खटकलंच तर त्यांनी स्वतःच्या गाडीचं अ‍ॅप तुझ्या फोनवर महिनाभर चालवून बघावं, गंमत म्हणून नाही, खरंच चालवावं. गाडीच्या नव्या खात्यात इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून त्यांचा नंबर टाक, तो हवाच.

आणि अचानक केलं असं वाटू देऊ नकोस. सर्व्हिस सेंटरला जायच्या आदल्या दिवशी मिस्टरांना सांगून जा, उद्या मी गाडीचं खातं नि फास्टॅग माझ्या नंबरवर करून घेतेय, आरसी माझी आहे तर तसंच असायला हवं. विचारायचं नाही, सांगायचं. सकाळी लवकर जा, दुपारनंतर सर्व्हिसच्या गाड्यांची गर्दी होते आणि कनेक्टेडचं बघणारा एखादाच मुलगा असतो बऱ्याच ठिकाणी. आरसी, आधार, पॉलिसी यांच्या झेरॉक्स दोन-दोन ने, फोन फुल चार्ज करून ने, आणि खातं तुझ्या फोनवर उघडून नकाशात गाडी दिसेपर्यंत काउंटर सोडू नकोस. पंधरा दिवसांत त्यांनी काहीच केलं नाही तर अर्जाच्या पोचेचा फोटो मला पाठव, पुढचं पत्र कुणाला नि कसं लिहायचं ते आपण बघू.